बॉयलर, सभा आणि ऐकून लिहिणारं यंत्र

आमच्या इमारतीची सभा संपते, पण त्या सभेत कोण काय म्हणालं याचं भांडण पुढच्या सभेपर्यंत संपत नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्याशी, जिथे म्हणून दोन माणसं भेटतील तिथे "मी असं म्हणालोच नव्हतो" हे वाक्य ऐकू येतं. इतिवृत्ताची वही सगळ्यात वरच्या मजल्यावरचे कीर, म्हणजे श्रीयुत, लाझारोस लिहीत. करखात्यातून निवृत्त झालेला माणूस. अक्षर मोत्यासारखं, आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात दर वेळी कीर लाझारोसच जिंकलेले असत.

यंदा कारभारीपणाची पाळी माझी होती. आमच्याकडे इमारतीचा कारभारी होणं हा मान नाही, ती शिक्षा आहे, आणि ती प्रत्येक बिऱ्हाडाला आळीपाळीने भोगावी लागते. नेमकं त्याच वर्षी माझ्या कंपनीने थेस्सालोनिकीतला गाशा गुंडाळला, आणि मी, म्हणजे वेबसाइट बनवणारा एक बरा कारागीर, उत्तरेच्या डोंगरातल्या या धुकट गावी बायकोच्या माहेरच्या घरात येऊन बसलो. नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात कल्पना फार येतात, असं माझी बायको स्मारो म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

पहिली कल्पना म्हणून मी इमारतीची वेबसाइट काढली. पाणी कधी बंद, लिफ्ट कधी बंद, जिना कोणी पुसायचा, सगळं तिथे. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी त्यावर रोजचं हवामान टाकलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे बार्बा, म्हणजे काका, स्टेर्गियोस रोज सकाळी ती उघडू लागले.

"काय म्हणतंय तुझं यंत्र, पास्खाली?"

"धुकं, बार्बा."

"मग बरोबर आहे," ते खिडकीबाहेर बघून म्हणत आणि मोबाइल बंद करत. पानगळीपासून वसंतापर्यंत आमच्या गावात दुसरं काही नसतंच.

दुसरी कल्पना मात्र मला तिसऱ्या मजल्यावरच्या कीरा, म्हणजे श्रीमती, पार्थेनामुळे सुचली. ऐंशी ओलांडलेली बाई, डोळे अधू, बोटं थरथरती. तिला सूचना वाचता येईनात की उत्तर लिहिता येईना. म्हणून मी वेबसाइटवर एक बटण केलं. दाबायचं, बोलायचं, आणि बोललेलं आपोआप लिहून येतं. कीरा पार्थेनाने बटण दाबलं आणि दह्यात गहू शिजवून सूप कसं करायचं ते सांगायला सुरुवात केली. पुदिना कधी घालायचा इथपर्यंत सगळं नीट उमटलं. मी वाचून दाखवलं तर तिने पदराचं टोक, म्हणजे आपल्या काळ्या शालीचं, डोळ्यांना लावलं.

"लेकरा, आयुष्यात पहिल्यांदा कोणी मधे न बोलता माझं सगळं ऐकून घेतलं," ती म्हणाली.

तिथेच माझं डोकं फिरलं. जे यंत्र सूप लिहून घेतं ते सभा का नाही लिहून घेणार?

कीरा पार्थेनाबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्याच अंगावर आलं. तिचा मुलगा सावास श्टुटगार्टला असतो. मुलगा चांगला आहे. तोच तर त्रास आहे. दर फोनवर त्याचं एकच म्हणणं, "आई, ज्या हिवाळ्यात तिथली ऊब बंद होईल त्या हिवाळ्यात मी गाडी घेऊन येईन आणि तुला इकडे आणीन." आणि तिला जायचं नव्हतं. तिचा नवरा आमच्या दफनभूमीत, टेकडीच्या उतारावर झोपलेला होता. दर शनिवारी ती तेलाची बाटली घेऊन जायची आणि त्याच्या दगडावरचा दिवा लावायची. श्टुटगार्टहून हे जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे सगळ्या घरांना ऊब देणारा तळघरातला बॉयलर चालू आहे तोवर ती इथे, इतका साधा तिचा हिशोब. ऑक्टोबरच्या शेवटी, संत दिमित्रिओसच्या दिवशी, आमच्याकडे बॉयलर पेटतो. त्या दिवशी ती सकाळपासून रेडिएटरवर, खोलीतल्या त्या ऊब देणाऱ्या लोखंडी नळ्यांवर, तळहात ठेवून बसायची, आणि गरम पाणी येऊन नळ्या ठकठकल्या की सगळ्या मजल्यांवर भोपळ्याची पोळी वाटायची.

आता माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे तर परवानगी हवी. मी कायद्याने वागणारा माणूस आहे. तोच माझा दोष, असं स्मारो म्हणते. पालिकेतल्या खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला.

"इस्पितळ आहात का?"

"नाही. राहती इमारत."

"न्यायालय?"

"इमारत म्हणतोय मी, बाई."

"मग आवाज कशाला रेकॉर्ड करायचे?"

"सभेत लोक बोलतात, ते लिहून घ्यायला."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे काही माणसं जमून मोठमोठ्याने बोलतात आणि बाकीची बसून ऐकतात."

"तसंच म्हणा."

"मग हौशी नाट्यमंडळ," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या की यादीत इमारत नाहीच, आणि नाट्यमंडळाला परवानगी आजच्या आज मिळते. अशा रीतीने आमची इमारत सरकारदरबारी नाट्यमंडळ झाली. घरी आल्यावर स्मारो म्हणाली की चला, कुठेतरी खरं लिहिलं गेलं.

मग चाचणी घेतली. यंत्रासमोर आमची माणसं एकदम बदलली. एरवी शब्दांचे शेवट गिळून बोलणारे लोक अथेन्सच्या बातम्या देणाऱ्यांसारखे बोलू लागले. बार्बा स्टेर्गियोसनी "कचरा कोणी टाकला" हा प्रश्न असा विचारला की राष्ट्राला उद्देशून भाषण चाललंय असं वाटावं. पण खरी पंचाईत त्यांच्या माळेची झाली. बार्बांच्या हातात सदानकदा कोंबोलोई असते, जाड पिवळ्या मण्यांची माळ, आणि बोलताना मणी एकमेकांवर आपटत असतात. यंत्राला प्रत्येक टक् म्हणजे वाक्य संपल्याची खूण वाटायची. त्याने लिहिलं: "कचरा. कोणी. टाकला. हे. मला."

"बार्बा, सभेपुरती माळ खिशात ठेवा ना."

"हे बघ पास्खाली, डॉक्टरने सिगारेट सोडवली तेव्हा हातात ही माळ आली. माळ काढलीस तर सिगारेट येईल, सिगारेटीने मी मरेन, आणि ते तुझं यंत्र लिहील. लिहील ना?"

"लिहील," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

मग सल्ले सुरू झाले. स्मारो म्हणाली रबरी मणी आणा. कीर लाझारोस म्हणाले वहीच काय वाईट होती. कीरा पार्थेनाने काही न म्हणता प्रत्येक मण्याला लोकरीची टोपी विणली. बार्बांनी ती माळ एक दिवस फिरवली आणि मेंढी कुरवाळल्यासारखं वाटतं म्हणून परत केली. शेवटी मीच बाह्या सरसावल्या. यंत्राला ऐकू जाण्याआधी आवाज गाळून घेणारी एक चाळण मी लिहिली. जो आवाज छोटा, कोरडा आणि टोकदार, तो बाहेर. टक् असो, खट् असो, काही असो. बार्बांना मी म्हणालो, आता बडवा काय बडवायचं ते. त्यांनी माळ टेबलावर आपटली, टपालपेटीवर आपटली, माझ्या खांद्यावरही आपटली. यंत्राने एक ठिपकासुद्धा लिहिला नाही. नोकरी गेल्यानंतर पहिल्यांदाच मला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

सभा संत दिमित्रिओसच्या आधी झाली, नेहमीप्रमाणे खालच्या दालनात, टपालपेट्यांसमोर. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, बाकीची जिन्याच्या थंडगार पायऱ्यांवर. सगळे कोट घालून. दार उघडलं की धुकं आत यायचं, कोणी बोलावल्यासारखं. मी मोबाइल टपालपेटीवर ठेवला आणि एक छोटं भाषण केलं.

"या यंत्राने लिहिलं ते अंतिम. त्याला माणसाचा हात लागणार नाही. माझाही नाही. आठवडाभर वेबसाइटवर राहील, तोवर कोणी हरकत घेतली नाही तर कायम. आणि ज्या प्रस्तावाला विरोध नाही तो मंजूर."

शेवटचा नियम मी मुद्दाम केला होता, कारण आमच्याकडे कोणी हो म्हणतच नाही. जिन्याला रंग देण्याचा प्रस्ताव माझ्या लग्नात निघाला होता, तो अजून निघालेलाच आहे. टाळ्या एकट्या कीरा पार्थेनाने वाजवल्या.

पहिले कीर लाझारोस उठले. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे मला म्हटलं पाहिजे. गरम पाणी वरच्या मजल्यापर्यंत पोचता पोचता दमून जायचं आणि त्यांचे रेडिएटर वर्षानुवर्षं कोमटच. ते कंटाळून आता स्वतःची शेगडी वापरत. त्यांनी सांगितलं की सरकारची योजना आली आहे, जुने तेलाचे बॉयलर फुकट काढून नेतात, आपणही तो काढून टाकू आणि ज्याने त्याने आपापल्या उबेचं बघावं. हे त्यांनी बऱ्याच विस्ताराने आणि अथेन्सच्या उच्चारांत सांगितलं.

"कोणाला मान्य आहे?" मी विचारलं.

आता आमच्या मुलखात 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. हनुवटी जरा वर, भुवया वर, आणि जीभ टाळूला टेकवून एक आवाज: च्. झालं. शब्द वापरतात ते जिथे घासाघीस व्हायची असते तिथे. जिथे नकार अगदी ठाम, तिथे फक्त च्. त्या दिवशी सगळं दालन च् म्हणालं. पायऱ्यांवरून च्, खुर्च्यांवरून च्, बार्बांचा माळेच्या टकटकीतून च्. कीरा पार्थेनाचा तर इतका जोरात की तिची टोपी हलली. मीसुद्धा मोबाइल सरळ करता करता च् केलं. कीर लाझारोस मान हलवत बसले आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

पुढचा विषय होता माशाचे काटे लिफ्टमध्ये कोणी सांडले. त्यावर सगळे बोलले, तेही शब्दांत. सभेचा बाकी सगळा वेळ त्यात गेला.

इतिवृत्त वेबसाइटवर आलं ते भलं लांबलचक होतं. प्रत्येकाने त्यात आपापलं नाव शोधलं, आपण म्हणालो ते बरोबर लिहिलंय हे पाहिलं, आणि खूश होऊन बंद केलं. मीही माझं भाषण वाचलं. चांगलं उतरलं होतं. माशाचे काटे एकही न गळता आले होते. वरती कुठेतरी बॉयलरचा प्रस्ताव होता, त्याखाली "कारभारी: कोणाला मान्य आहे?" आणि त्याखाली "(शांतता)". ते मी वाचलं नाही. आठवडा झाला, इतिवृत्ताला कुलूप लागलं, आणि माझ्या वेबसाइटने स्वतःहून त्यावर शेरा मारला: विरोध नोंदला गेला नाही, प्रस्ताव मंजूर.

संत दिमित्रिओसच्या आदल्या दिवशी त्या सरकारी योजनेची माणसं आली आणि तळघरात उतरली. कीरा पार्थेनाला वाटलं साफसफाईला आली. गेल्या वर्षी कोणी साफ केला नव्हता, म्हणून ती जिन्याच्या कठड्याला धरून धरून खाली गेली आणि त्यांना कॉफी दिली. भोपळ्याची पोळी एक दिवस आधीच कापली. तिची पोळी खाऊन त्यांनी बॉयलरचे तुकडे केले आणि एक एक तुकडा तिच्या समोरून बाहेर नेला.

मी धावत वर गेलो आणि कीर लाझारोसांचं दार बडवलं. त्यांच्या हातात छापलेलं इतिवृत्त होतं, पालिकेच्या शिक्क्यासकट.

"अहो, सगळे नाही म्हणाले होते!"

"कुठे लिहिलंय?"

"तुम्ही ऐकलंत की स्वतः!"

"मी ऐकलं. पण पास्खाली, सभेनंतर आठवडाभर मी वाट पाहिली, म्हटलं कोणीतरी हरकत घेईल. एकानेही घेतली नाही. म्हटलं, लोकांनी विचार बदलला असेल." मग त्यांनी पान उलटलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं: "त्याला माणसाचा हात लागणार नाही. माझाही नाही." आणि वर म्हणाले, "वहीत मी असं काही कधी लिहिलं नव्हतं रे."

मी बार्बा स्टेर्गियोसना घेऊन पालिकेत गेलो. चाळणीतून न गेलेला मूळ आवाज माझ्याकडे जपून ठेवलेला होता, तो मी खिडकीमागच्या बाईंना ऐकवला. टक् टक् च् टक् च् च् टक्.

"यात माळ किती आणि माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"थांबा, दाखवतो," म्हणून बार्बांनी माळ फिरवली, मग च् केलं, मग दोन्ही एकदम केलं. मागच्या रांगेतल्या माणसाने त्यांना पाणी आणून दिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शिवाय तुम्ही नाट्यमंडळ," त्या म्हणाल्या. "नाट्यमंडळाला बॉयलरबद्दल हरकत घेता येत नाही."

"अहो, पण त्याच नाट्यमंडळाच्या कागदावर बॉयलर नेलात ना?"

"न्यायला चालतं."

"परत बसवता येईल?"

"योजनेत गेलेला बॉयलर परत बसत नाही. तेलाचा तर नाहीच."

"म्हणजे आता काहीच होणार नाही?"

बाईंनी हनुवटी वर केली, भुवया वर केल्या, आणि म्हणाल्या, "च्."

आम्हा दोघांनाही ते लगेच समजलं. बार्बांनी माळ खिशात टाकली. ती तशी खिशात गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी कीरा पार्थेनाकडे आमची विजेची शेगडी नेली, तर सगळ्या मजल्यांवरच्या शेगड्या एकदम लागल्या आणि इमारतीची वीज गेली. स्मारो तिला आमच्याकडे झोपायला ये म्हणाली, पण दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे असतो, असं म्हणून ती आपल्या पलंगावर कोट घालून झोपली. संत दिमित्रिओसच्या दिवशी ती रेडिएटरवर तळहात ठेवून बसली होती. मी म्हणालो, कीरा पार्थेना, आता नाही येणार पाणी. म्हणाली, "माहीत आहे रे. सवय आहे हाताला." मला तिथे उभं राहवेना.

सावास आला. भांडला नाही, आरडाओरडा केला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आईची बोचकी गाडीत ठेवताना फक्त मला म्हणाला, "तुम्ही तरी लक्ष ठेवाल असं वाटलं होतं." मी माझं यंत्र कसं चालतं ते त्याला समजावू लागलो, आणि मधेच ते सोडून उरलेलं बोचकं उचलून दिलं.

गाडीत बसण्याआधी कीरा पार्थेनाने माझ्या हातात दिव्याच्या तेलाची बाटली दिली.

"शनिवारी," ती म्हणाली. "वात छोटी ठेव, वारा असतो तिथे."

"कीरा पार्थेना, चूक माझी झाली."

"तुझी कशी? मी तर इतक्या जोरात म्हटलं होतं." आणि तिने माझ्या गालावर थंडगार हात ठेवला. "तिकडून मी ते बटण दाबीन हं. ते माझं ऐकतं."

गाडी धुक्यात दोन पावलांवरच दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून मी वेबसाइटला हात लावला नाही. चाळण काढली नाही, यंत्र बंद केलं नाही. कारभारी म्हणून कोणी मला काही विचारतही नाही. सभा पुन्हा झाली, तेव्हा कीर लाझारोस वही घेऊन आले आणि कोणीही हरकत घेतली नाही. शनिवारी मी टेकडीवर जातो. वात छोटी ठेवतो.

परवा मोबाइल वाजला. वेबसाइटवर निरोप होता. मी शेगडीजवळ सरकून वाचला.

"पास्खाली, मी पार्थेना. इथे घरात फार ऊब आहे. प्रत्येक खोलीत. सावास काळजी घेतो. सून चांगली आहे. पुदिना इथेही मिळतो. दिवा लावतोस ना?"

मी लिहिलं की लावतो, काल वारा नव्हता, बराच वेळ जळला असेल. स्मारो माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, तिला विचार तिथे करमतंय का. सावास तिला वाचून दाखवत असणार, म्हणून मी जपून लिहिलं: "कीरा पार्थेना, तिथे मन रमलं ना?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. वर तिचं नाव, आणि नावाखाली फक्त: (शांतता).

"दाबायला चुकली असेल," स्मारो म्हणाली.

मी मूळ आवाज काढला आणि कानाला लावला. आधी काहीच नाही. मग लांब कुठेतरी तिच्या सुनेच्या भांड्यांचा आवाज, मग रेडिएटरच्या नळ्यांची ठकठक, ऊब आल्याची. आणि मग अगदी जवळून, माझ्या कानातच, ते.

मी इतिवृत्ताचं कुलूप उघडलं. सभेच्या पानावर गेलो, "कोणाला मान्य आहे?" याच्या खाली, आणि यंत्राने लिहिलेलं खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं: कीरा पार्थेना – नाही. मग तिच्या त्या निरोपाखालीही तेच लिहिलं. त्याचा आता कोणालाच काही उपयोग नव्हता.